निळाई वरची, ओळख खालची

श्रावणाच्या सरी ओसरून उन्हे पडू लागली की माळरानावर, शेतांच्या बांधांवर आणि शहरांतील बागांच्या हिरवळीवरही बोटाच्या नखाएवढी निळसर फुलपाखरे जमिनीलगत भिरभिरताना दिसू लागतात. पाहणारा त्यांना 'निळे फुलपाखरू' म्हणतो आणि पुढे निघून जातो. वस्तुतः हिरवळीच्या एकाच तुकड्यावर अशी चार-पाच वेगवेगळ्या जातींची फुलपाखरे एकाच वेळी वावरत असू शकतात. त्यांची खाद्यवनस्पती निराळी, अधिवास निराळा आणि पंखांवरील खुणाही निराळ्या. मात्र या खुणा ज्या बाजूला असतात, तिकडे नवख्या निरीक्षकाचे लक्ष बहुधा जात नाही. निळ्या फुलपाखरांच्या अभ्यासातील पहिला धडा काहीसा विसंगत वाटेल असा आहे. निळे फुलपाखरू ओळखताना सर्वांत कमी विश्वास ठेवावा तो त्याच्या निळ्या रंगावर.

डिजिटल कॅमेरा आणि पुढे मोबाइल हाती आल्यापासून फुलपाखरांच्या नोंदींची संख्या प्रचंड वाढली. कोणती जात कोठे आढळते, कोणत्या महिन्यात उडते, कोठून नाहीशी झाली, हे ठरवताना आता अभ्यासक सामान्य निसर्गप्रेमींनी टिपलेल्या छायाचित्रांचाही आधार घेतात. अशा वेळी घाईने चिकटवलेले चुकीचे नाव ही केवळ एका व्यक्तीची गफलत उरत नाही. ती नोंद नकाशावर जाते आणि त्या नकाशावरून पुढचे निष्कर्ष निघतात. त्यामुळे ओळखीची शिस्त समजून घेणे अगत्याचे ठरते.

निळा म्हणजे नेमका कोणता?

निळा रंग मिरवणारी सर्वच फुलपाखरे एका घराण्यातील नाहीत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉर्मन हे तळहाताएवढे, काळ्या मखमलीवर फिकट निळे पट्टे असलेले फुलपाखरू आहे. राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. मराठीत 'नीलवंत' या नावाने ओळखले जाणारे हे फुलपाखरू स्वॅलोटेल, म्हणजे पुच्छ कुळातील आहे. काळ्या पंखांवर फिकट निळसर रेघा असणारे ब्लू टायगर आणि मागच्या पंखांवर झळाळता निळा रंग व डोळ्यांसारखी वर्तुळे असणारे ब्लू पॅन्सी ही कुंचलपाद कुळातील फुलपाखरे होत. या सर्वांचा आकार मोठा असल्याने थोड्या सरावाने ती ओळखता येतात.

खरी कसोटी लागते ती लायकेनिडी, म्हणजेच नील कुळातील चिमुकल्या फुलपाखरांपाशी. जगभरात या कुळाच्या ५,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी 'ब्लूज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातील बहुतेक जातींचा पंखविस्तार दोन ते साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो, काहींचा त्याहूनही कमी. त्या चंचल असतात, जमिनीलगत उडतात आणि बसल्यावर पंख पाठीवर मिटून घेतात. म्हणजे उडताना क्षणभर निळाई चमकते आणि बसताच समोर येतो तो राखाडी किंवा तपकिरी पंख. हा राखाडी पंख म्हणजेच त्यांचे ओळखपत्र.

रंगाचा चकवा

वरच्या बाजूच्या रंगावर विसंबून राहू नये, याला ठोस कारणे आहेत. पहिले कारण रंगाच्या घडणीतच आहे. या फुलपाखरांच्या पंखांवरील निळा रंग सहसा रंगद्रव्याचा नसतो. पंखांवरील सूक्ष्म खवल्यांची रचना अशी असते की त्यांवर पडणाऱ्या प्रकाशातील निळा भाग प्रामुख्याने परावर्तित होतो. मोराच्या पिसाऱ्याची झळाळी ज्या जातीची, त्याच जातीचा हा रंग आहे. त्यामुळे पाहण्याचा कोन बदलला, ढग आले किंवा ऊन कलले की तेच फुलपाखरू कधी जांभळट, कधी रुपेरी, तर कधी चक्क करड्या रंगाचे दिसते. छायाचित्रात तर ही छटा कॅमेऱ्यागणिक बदलते.

दुसरे कारण नर-मादीतील फरकाचे. बहुतांश जातींत निळा झगा असतो तो नराच्या अंगावर. मादी वरून तपकिरी असते आणि तिच्या पंखांच्या बुडाशी निळ्या रंगाची जेमतेम झाक असते. दोन वेगळ्या जातींच्या माद्या वरून एकमेकींसारख्या आणि आपापल्या नरांहून अगदी वेगळ्या दिसू शकतात.

तिसरे कारण ऋतूचे. आपल्याकडील अनेक फुलपाखरांची पावसाळी आणि कोरड्या हंगामातील रूपे निरनिराळी असतात. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांखालील ठिपके ठळक व गडद असतात. हिवाळा आणि उन्हाळ्यातील पिढीत तेच ठिपके फिकट होतात, काही वेळा पुसट डागांसारखे उरतात. वाळलेल्या गवतात लपण्यासाठी ही फिकट वेशभूषा उपयोगी पडते. निरीक्षकाला मात्र ती नव्या जातीचा भास घडवते. त्यात वय झालेल्या फुलपाखराच्या पंखांवरील खवले झडलेले असतील, तर ओळख आणखी अवघड होते.

पंखाखालची लिपी

मिटलेल्या पंखाची खालची बाजू वाचण्याचा एक क्रम ठरवून घेतल्यास बराच गोंधळ टळतो. सर्वप्रथम मागच्या पंखाला शेपटी आहे किंवा नाही ते पाहावे. 'ब्लूज'मधील ही शेपटी दोऱ्याच्या टोकाएवढी बारीक असते. त्यानंतर शेपटीच्या बुडाशी, मागच्या पंखाच्या खालच्या कोपऱ्यात असलेले काळे ठिपके मोजावेत आणि त्यांवर नारिंगी कमान आहे का ते पाहावे. तिसरी पायरी पुढच्या पंखाची. पंखाच्या बुडापासून साधारण मध्यापर्यंत शिरांनी बंदिस्त केलेला एक लांबट कप्पा असतो. त्या कप्प्याच्या आत ठिपका आहे की नाही, ही अनेक जातींत निर्णायक खूण ठरते. शेवटी पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलगतचा भाग आणि मागच्या पंखाच्या मध्यावरील ठिपक्यांची ओळ तपासावी. ही ओळ सलग कमानीसारखी आहे, की तिच्यातील एखादा ठिपका रांग सोडून आत सरकला आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

शेपटी आणि तिच्याजवळील डोळ्यासारखे ठिपके यांना स्वतःचे प्रयोजन आहे. बसलेले फुलपाखरू मागचे पंख एकमेकांवर हलकेच घासत राहते. त्यामुळे शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि मागच्या टोकाला जणू दुसरे डोके असल्याचा भास होतो. पक्षी किंवा कोळी त्या खोट्या डोक्यावर झडप घालतो, पंखाचा तुकडा त्याच्या हाती लागतो आणि फुलपाखरू निसटते. निसर्गाच्या या युक्तीमुळे निरीक्षकाला एक सावधगिरी बाळगावी लागते. शेपटी दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच असे समजू नये. ती तुटलेली असू शकते. पंखाची कड तेथे फाटलेली आहे काय, हे तपासल्याशिवाय निर्णय घेणे धोक्याचे.

हिरवळीवरचे चौघे

महाराष्ट्रात सर्वाधिक दिसणारी आणि सर्वाधिक फसवणारी निळी फुलपाखरे म्हणजे ग्रास ब्लू. पेल, डार्क, लेसर आणि टायनी अशी त्यांची चार नावे. चौघांनाही शेपटी नसते, चौघेही जमिनीलगत उडतात आणि चौघांच्याही करड्या पंखांखाली पांढऱ्या कडांचे काळे ठिपके असतात.

त्यांना दोन गटांत विभागणारी खूण म्हणजे पुढच्या पंखाच्या कप्प्यातील ठिपका. पेल ग्रास ब्लू आणि डार्क ग्रास ब्लू यांच्या कप्प्यात तो असतो. लेसर ग्रास ब्लूच्या कप्प्यात तो नसतो. लेसरची दुसरी पक्की खूण मागच्या पंखावर आहे. तेथील ठिपक्यांची मधली ओळ वरून मोजत आल्यास दुसरा ठिपका आपली जागा सोडून पंखाच्या बुडाकडे सरकलेला दिसतो. रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाने पाऊल मागे घ्यावे, तसा. पेल ग्रास ब्लूमध्ये ही ओळ बऱ्यापैकी एकसंध कमानीसारखी असते.

टायनी ग्रास ब्लू नावाप्रमाणेच इवलेसे असते, परंतु केवळ आकारावर जाऊ नये. सुरवंटाला खाणे कमी पडल्यास कोणत्याही जातीचे फुलपाखरू खुरटे निपजू शकते. टायनीसाठी पाहावी ती पुढच्या पंखाची वरची कड. तेथे कप्प्याच्या वरच्या बाजूस, कडेला टेकून ठिपका असतो. कडेवरचा हा ठिपका टायनीला इतर तिघांपासून वेगळे काढतो.

राहिले पेल आणि डार्क. त्यांच्याबाबतीत मात्र वरच्या रंगाची थोडी मदत घ्यावी लागते. पेल ग्रास ब्लूचा नर फिकट, रुपेरी झाक असलेला निळा असतो. डार्क ग्रास ब्लूचा नर गडद जांभळट निळा असून त्याच्या पंखांना तपकिरी किनार असते. पेल आकारानेही काहीसे मोठे. माद्या मात्र दोहोंच्याही तपकिरी असतात. तेथे छायाचित्र पुरेसे स्पष्ट नसल्यास थांबणेच शहाणपणाचे.

याच हिरवळीवर ग्रास ज्वेल हे आणखी एक चिमुकले फुलपाखरू वावरते. भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांत त्याची गणना होते. मागच्या पंखाच्या कडेलगत काळ्या ठिपक्यांची रांग, त्या ठिपक्यांत चमचमणारे निळसर हिरवे कण आणि वर नारिंगी कमान, ही त्याची खूण. नावात 'रत्न' असणे किती सार्थ आहे, ते भिंगातून पाहिल्यावरच कळते.

शेपटीवाल्यांचा गोतावळा

शेपटी असलेल्या निळ्या फुलपाखरांत पी ब्लू हे सर्वांत सहज ओळखू येणारे. त्याच्या पंखांखाली तपकिरी आणि पांढऱ्या नागमोडी रेघा असतात आणि मागच्या पंखाच्या कडेच्या अलीकडे एक रुंद पांढरा पट्टा ठळकपणे उठून दिसतो. शेपटीच्या बुडाशी दोन काळे ठिपके असतात. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया अशा चारही खंडांत पोहोचलेले हे फुलपाखरू दूरवर स्थलांतर करते. झेब्रा ब्लूच्या पंखांखालीही पट्टे असतात, पण ते अधिक आखीव व पांढऱ्या-तपकिरी रंगांचे असून त्यात पी ब्लूसारखा रुंद पांढरा पट्टा नसतो.

ग्रॅम ब्लू, फरगेट-मी-नॉट आणि प्लेन्स क्युपिड या त्रयीत गल्लत नेहमीची. ग्रॅम ब्लूच्या मागच्या पंखाच्या कोपऱ्यात नारिंगी कमान असलेले दोन काळे ठिपके असतात. फरगेट-मी-नॉटमध्ये असा ठळक ठिपका एकच. प्लेन्स क्युपिडमध्ये मागच्या पंखाच्या बुडाजवळ पांढऱ्या कडांच्या काळ्याभोर ठिपक्यांची आडवी ओळ असते. ग्रॅम ब्लूमध्ये बुडाजवळचे हे काळे ठिपके कमी असतात. प्लेन्स क्युपिडसारखीच बुडाजवळची ओळ असलेले, परंतु शेपटी नसलेले फुलपाखरू दिसल्यास ते लाइम ब्लू असण्याचा संभव अधिक. त्याचे सुरवंट लिंबाच्या कोवळ्या पालवीवर वाढतात.

सूक्ष्मतेची परिसीमा गाठली जाते ती फरगेट-मी-नॉट आणि सिल्व्हर फरगेट-मी-नॉट यांच्यात. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर या दोघांतही एक छोटा ठिपका असतो. तो कप्प्याच्या टोकाची रेघ आणि बाहेरचा पट्टा यांच्या साधारण मध्यावर असेल, तर फुलपाखरू फरगेट-मी-नॉट. तोच ठिपका बाहेरच्या पट्ट्याला चिकटल्यासारखा असेल, तर सिल्व्हर. अवघ्या एका मिलिमीटरच्या आतबाहेर दोन जातींची सीमारेषा आखलेली आहे.

सावलीतले आणि ओढ्याकाठचे

झाडीत शिरल्यावर पात्रे बदलतात. कॉमन सेरुलियन वरून पांढुरके निळे, तर डार्क सेरुलियन वरून झगझगीत गडद निळे. पंख मिटल्यावर कॉमनच्या फिकट तपकिरी पंखावर पांढऱ्या रेघांच्या जोड्या दिसतात. डार्कचा पंख गडद तपकिरी आणि त्यावरच्या रेघा बारीक. दोहोंनाही शेपटी असते. करंज, पळस अशा शेंगवर्गीय झाडांच्या आसपास ती आढळतात.

लाइनब्लूंच्या दोन सामान्य जातींत शेपटीची कसोटी लागू पडते. कॉमन लाइनब्लूला ती असते, टेललेस लाइनब्लूला नसते. तुटलेल्या शेपटीबाबतचा इशारा येथे विशेष लक्षात ठेवावा. हेज ब्लू गटातील फुलपाखरे खालून पांढुरकी असतात. त्यांपैकी कॉमन हेज ब्लूचे काळे ठिपके मोठे आणि ठसठशीत, तर प्लेन हेज ब्लूचे नाजूक व बारीक. उन्हाळ्यात सह्याद्रीतील ओढ्यांच्या ओलसर काठावर अशा फुलपाखरांचे नर थव्याने बसून मातीतील क्षार शोषताना दिसतात. एरवी चंचल असणारी ही फुलपाखरे त्या वेळी स्थिर बसत असल्याने खालची बाजू निवांत न्याहाळण्याची ती उत्तम संधी असते.

झाड सांगते नाव

पंखांवरील खुणांइतकाच भरवशाचा साक्षीदार म्हणजे सुरवंटाची खाद्यवनस्पती. फुलपाखरू मध कोणत्याही फुलातला घेईल. अंडी मात्र मादी ठरावीक वनस्पतींवरच घालते. पेल ग्रास ब्लूची मादी कुंड्यांत, वाफ्यांत तण म्हणून उगवणाऱ्या आंबुशीवर अंडी घालते. डार्क ग्रास ब्लूची पसंती माठ आणि सराटा यांना. लेसर ग्रास ब्लू गवतात पसरणाऱ्या शेंगवर्गीय रानवनस्पती शोधते, तर टायनी ग्रास ब्लू अडुळसा-कोरांटीच्या कुळातील वनस्पती. म्हणजे पंखांवरील ठिपक्यांवरून ज्या चौघांना वेगळे करताना डोळ्यांना ताण पडतो, त्यांची स्वयंपाकघरे मात्र स्वच्छ वेगळी आहेत.

झेब्रा ब्लू चित्रकाभोवती घुटमळते. बागेत लावलेला निळ्या फुलांचा चित्रकही तिला चालतो. पी ब्लू आणि ग्रॅम ब्लू कडधान्यांच्या कळ्या-शेंगांवर, लाइनब्लू बाभळीच्या कळ्यांवर, तर प्लेन्स क्युपिड सायकसच्या कोवळ्या पानांवर वाढते. बंगल्यांच्या दारांत शोभेसाठी सायकस लावण्याची पद्धत रुळली आणि एरवी जंगलातील सायकसवर अवलंबून असणारे हे फुलपाखरू शहरांतही सर्रास दिसू लागले.

या सुरवंटांपैकी अनेकांच्या पाठीवर गोड द्रव स्रवणारी ग्रंथी असते. त्या द्रवाच्या आशेने मुंग्या सुरवंटाभोवती गोळा होतात आणि परजीवी गांधीलमाश्यांसारख्या शत्रूंपासून त्याचे रक्षण करतात. त्यामुळे झाडाच्या शेंड्यावर मुंग्यांची लगबग दिसली की अनुभवी निरीक्षक तेथे सुरवंट शोधू लागतात.

ओळख चुकली तर

ठिपक्यांच्या या बारकाव्यांतून साधते काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर इंग्लंडमधील लार्ज ब्लू या फुलपाखराच्या कहाणीत मिळते. त्याचा सुरवंट सुरुवातीला रानटी ओव्याच्या जातीच्या थाइम या वनस्पतीवर वाढतो आणि मग मुंग्यांकरवी वारुळात नेला जातो. तेथे तो मुंग्यांच्याच अळ्या खाऊन मोठा होतो. या फुलपाखरासाठी राखीव जागा ठेवल्या गेल्या, संग्राहकांना अटकाव झाला, तरीही त्याची संख्या घटतच गेली आणि १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झाले. संशोधक जेरेमी थॉमस यांच्या अभ्यासातून उलगडा झाला तो असा की, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या लाल मुंग्यांच्या जातींपैकी एकाच जातीच्या वारुळात हा सुरवंट चांगला तगतो. त्या मुंगीला आखूड गवताची उबदार जमीन लागते. चराई थांबली, रोगाने ससे घटले, गवत वाढले, जमीन थंड झाली, ती मुंगी गेली आणि पाठोपाठ फुलपाखरूही गेले. मुंगीची नेमकी ओळख पटल्यावर योग्य चराई पुन्हा सुरू करण्यात आली आणि १९८० च्या दशकात स्वीडनमधून आणलेल्या लार्ज ब्लूचे ब्रिटनमध्ये पुनर्वसन झाले.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर राहणारे झर्सीज ब्लू मात्र परत येऊ शकले नाही. शहराच्या विस्तारात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीस ते संपले. ती स्वतंत्र जात होती की दुसऱ्या एखाद्या जातीचे स्थानिक रूप, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. संग्रहालयातील ९३ वर्षे जुन्या नमुन्याच्या डीएनए तपासणीतून ती स्वतंत्र जात असल्याचा निर्वाळा २०२१ मध्ये मिळाला. ओळख पक्की झाली, तोवर ओळखायला कोणी उरले नव्हते.

आपल्या अंगणातील पेल ग्रास ब्लूनेही जागतिक चर्चेत स्थान मिळवले आहे. मार्च २०११ मधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर जपानी संशोधकांनी याच जातीची फुलपाखरे त्या परिसरातून गोळा केली. त्यांच्या पंखांचा आकार, ठिपक्यांची ठेवण आणि अन्य शरीरवैशिष्ट्ये यांत विकृती आढळल्याचा निष्कर्ष त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या निष्कर्षांवर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. मात्र एखाद्या जातीचे सर्वसाधारण ठिपके कसे असतात हे अचूक माहीत असल्याखेरीज ते बिघडले आहेत असे म्हणताच येत नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य व्हावी अशीच आहे.

शेतीच्या दृष्टीनेही ओळखीला मोल आहे. पी ब्लूचे सुरवंट तूर, वाल, मटार यांच्या फुला-शेंगांत शिरतात, हे खरे. परंतु महाराष्ट्रातील तुरीचे मोठे शत्रू म्हणजे घाटे अळी, पिसारी पतंग आणि शेंगमाशी. शेतात निळी फुलपाखरे उडताना पाहून फवारणीचा निर्णय घेण्याऐवजी शेंगेत प्रत्यक्ष कोणती अळी आहे हे पाहणे श्रेयस्कर. त्यातही बांधावर उडणारी बहुतेक निळी फुलपाखरे तणांवर जगणारी ग्रास ब्लू असू शकतात आणि पिकाशी त्यांचा काहीही संबंध नसतो. याउलट प्लेन्स क्युपिड हे आपल्याकडे सायकसची पाने कुरतडण्यापलीकडे फारशी चिंता न देणारे फुलपाखरू ग्वाम बेटावर पोहोचल्यावर तेथील स्थानिक सायकसच्या मुळावर उठले.

नोंद घेताना

फुलपाखरू ओळखण्यासाठी ते पकडण्याची आवश्यकता नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत नील कुळातील अनेक जातींचा समावेश असल्याने, पकडणे कायद्याच्या कचाट्यात सापडण्यासारखेही ठरू शकते. त्यापेक्षा संयम अधिक फळ देतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात ही फुलपाखरे अंग शेकण्यासाठी पंख अर्धवट उघडतात. तेव्हा वरची बाजू टिपावी. ऊन तापल्यावर ती पंख मिटून बसली की कॅमेरा पंखाच्या पातळीला समांतर धरून खालची बाजू टिपावी. तिरक्या कोनातून घेतलेल्या छायाचित्रात कडेवरचा तो निर्णायक ठिपका हमखास हरवतो. सोबत तारीख, ठिकाण, अधिवास आणि मादी अंडी घालत असल्यास ती वनस्पती यांची नोंद अवश्य असावी.

संदर्भांची आता वानवा नाही. विंटर-ब्लाइथ यांचा १९५७ चा ग्रंथ, कृष्णमेघ कुंटे यांचे २००० मधील द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील पुस्तक आणि आयझॅक किहिमकर यांचे २००८ मधील सचित्र मार्गदर्शक पुस्तक यांनी अभ्यासकांच्या पिढ्या घडवल्या. जुनी वर्णने वाचताना एक गंमतही आढळते. पंडवा, पुष्पा, पुतळी, महा ही या फुलपाखरांची शास्त्रीय नावे एकोणिसाव्या शतकात हॉर्सफिल्ड आणि कोलार या पाश्चात्त्य अभ्यासकांनी ठेवली, पण त्यांचा ध्वनी थेट इथल्या मातीतला आहे.

इतके करूनही काही प्रसंगी हात टेकावेच लागतात. बोरीच्या झाडांभोवती दिसणारी पिअरो गटातील काही फुलपाखरे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय खात्री देता येत नाही. प्रख्यात कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी १९४० च्या दशकात हार्वर्डच्या संग्रहालयात निळ्या फुलपाखरांचा अभ्यास नेमका याच पद्धतीने केला. अमेरिका खंडांतील एका गटाचे पूर्वज आशियातून टप्प्याटप्प्याने तेथे पोहोचले असावेत, असे त्यांनी १९४५ मध्ये सुचवले. २०११ मध्ये डीएनए अभ्यासाने त्या तर्काला दुजोरा दिला. सूक्ष्मदर्शकाखालील एवढ्याशा अवयवातून एका खंडाचा इतिहास वाचता आला, तो बारकाव्यांविषयीच्या आदरामुळेच.

सूक्ष्मदर्शक हाताशी नसलेल्या सामान्य निरीक्षकाने काय करावे? जेथवर खुणा साथ देतात तेथवर जावे आणि तेथेच थांबावे. छायाचित्राखाली 'ग्रास ब्लू, जात अनिश्चित' असे लिहिणे हा अभ्यासाचा पराभव ठरत नाही. ती नोंद उद्या दुसऱ्या कोणाला त्याच ठिकाणी, त्याच आंबुशीच्या ताटव्यापाशी पुन्हा जाऊन अधिक नीट पाहण्याची दिशा देते. चुकीचे पक्के नाव मात्र तो शोधच थांबवते.